प्रोग्रॅमचं कार्ड घेऊ नका: छत्री, बॉक्स आणि कार्ड यांची खरी माहिती

डीटीएचच्या बॉक्सात टाकायचं ‘प्रोग्रॅम केलेलं’ कार्ड कुणी विकायला आलं, तर त्याला पैसे देऊ नका. एकदा पैसे भरा आणि जन्मभर सगळे चॅनल बघा, असं सांगणारे आठवडी बाजारात, जत्रेत अधूनमधून भेटतात. मी केज तालुक्यात डिशच्या छत्र्या बसवतो आणि बॉक्स दुरुस्त करतो. अंबाजोगाईच्या दूरदर्शन टॉवरकडं तोंड करून काड्यांचे अँटेने बांधायचो, तेव्हापासून पोट याच कामावर आहे. अशी कार्डं घेतलेले लोक शेवटी बॉक्स पिशवीत घालून माझ्याकडंच येतात. पैसे गेलेले असतात आणि टीव्हीही बंद असतो. घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर दिवसभर त्याला दुसरी सोबत नसते. हे बघवत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कार्ड करतं काय, लोकांना त्याचा अनुभव काय आला, आणि थोड्या पैशात घरात स्वच्छ चित्र कसं आणायचं, ते आपापल्या परीनं करून बघता येईल अशा बेतानं सांगतो.

कार्ड काय करतं

कार्ड एकदा बॉक्समधून काढून हातात घ्या. मापाला ते बँकेच्या कार्डाएवढंच असतं: लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४ ला किंचित कमी, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. एका बाजूला सोनेरी चौकोन दिसेल. उजेडात तिरपं धरलं की त्या चौकोनावर बारीक रेघा दिसतात. त्या रेघांनी त्याचे सहा किंवा आठ भाग केलेले असतात. एका भागातून कार्डाला वीज जाते, एकातून रिसेट (नव्यानं सुरू हो, असा इशारा), एकातून क्लॉक (कामाचा ताल देणारे ठोके), एक ग्राउंड (विजेची परतीची वाट). बॉक्स आणि कार्ड यांचं सगळं बोलणं मात्र एकाच भागातून चालतं. हे भाग कुठं असावेत ते आयएसओ ७८१६ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेलं आहे. म्हणून बँकेचं कार्डसुद्धा बॉक्सच्या खाचेत बरोबर बसतं, पण बॉक्स त्याला ओळखत नाही.

पैशाचा चॅनल उपग्रहावरून येतो तो कुलूप लावूनच येतो, आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्लीही त्याच लहरींवरून येते, पण गुप्त भाषेत. बॉक्स ते पाकीट न उघडता कार्डाकडं देतो. या चॅनलचे पैसे भरलेत का, हे कार्ड आपल्या मेमरीत बघतं. भरलेले असतील तर किल्ली उलगडून बॉक्सला देतं आणि चित्र दिसतं. नसतील तर पडद्यावर पाटी येते. तुम्ही रिचार्ज करता तेव्हा तुमच्या कार्डाच्या नंबरासाठी एक हुकूम आकाशातून सोडला जातो आणि तो कार्डात जाऊन बसतो. बॉक्स बंद करून ठेवला तर तो हुकूम घ्यायला कुणी जागंच नसतं. ‘पैसे भरले तरी चॅनल लागंना’ ही तक्रार निम्म्या वेळा इथंच मिटते. बॉक्स चालू ठेवा, ज्याचे पैसे भरलेत तो चॅनल लावा, तासभर हात लावू नका.

आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक कंपन्यांचं कार्ड एका ठरावीक बॉक्सशी जोडलेलं असतं. शेजाऱ्याचा सातबारा घेऊन बँकेत गेलं तर आपल्याला पीककर्ज मिळत नाही, तसं शेजाऱ्याचं चालू कार्ड आपल्या बॉक्सात घातलं तरी चॅनल उघडत नाहीत. नंबर जुळत नाही, एवढाच निरोप पडद्यावर येतो. हल्ली तर पुष्कळ बॉक्सांना कार्डाची खाचच नसते. कार्डाचं काम आतल्या चिपमध्येच होतं.

‘प्रोग्रॅमचं कार्ड’ आलं कुठून

हे खूळ इथलं नव्हे. युरोपात २००० सालाच्या आसपास कोरी, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कार्डं मिळायची. गोल्ड, सिल्व्हर, फन अशी त्यांची नावं. गोल्ड कार्डात पीआयसी १६एफ८४ ही छोटी चिप आणि शेजारी २४एलसी१६ ही मेमरी. चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी १०२४ शब्दांची जागा आणि मेमरी दोन किलोबाइटची, एवढाच सगळा संसार. त्याच्याही आधीची कार्डं म्हणजे सर्किट बोर्डाची लांब पट्टी असायची आणि तिचा निम्मा भाग बॉक्सच्या बाहेर राहायचा.

कोरं कार्ड ही वस्तू वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. माझा भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला होता. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यानं असंच लिहिता येणारं कार्ड आणि रीडर आणला होता. कार्ड टेकवलं की दाराचं कुलूप उघडायचं, असा तो प्रोजेक्ट होता. रिसेट दिल्यावर कार्डानं पाठवलेली पहिली काही अक्षरं त्यानं लॅपटॉपवर मला दाखवली, तेव्हा इतकी वर्षं नुसतं पुसून परत घालत आलो त्या सोनेरी चौकोनाच्या आत काय चालतं ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. शिकणाऱ्या पोरांनी हे जरूर करावं. हजेरी, वाचनालय, कँटीन, कशासाठीही कार्ड लिहून बघावं. पैशाचे चॅनल फुकट उघडायला ते वापरायचं म्हटलं की मात्र गाडी अडते, आणि ते का, हे त्या काळच्या लोकांच्या अनुभवावरूनच कळतं.

ज्यांनी तिकडं ती कार्डं वापरली त्यांचं गाऱ्हाणं एकच होतं: रात्री चालतं, सकाळी बंद. कंपनी किल्ल्या बदलायची, यांनी पुन्हा कार्ड लिहून आणायचं, ती पुन्हा बदलायची. अमेरिकेत तर २१ जानेवारी २००१ ला डायरेक्टीव्ही कंपनीनं उपग्रहावरूनच असा हुकूम सोडला की चोरीची कार्डं एका दमात निकामी झाली. त्यांच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा सामना, सुपर बोल, बरोबर आठवड्यावर आला होता. त्या कार्डांच्या मेमरीत ‘गेम ओव्हर’ अशी अक्षरं लिहिली गेली होती. म्हणजे तुमच्या घरातल्या कार्डावर कंपनी आकाशातून लिहू शकते, आणि ती सोय मुळातच त्या यंत्रणेत असते. कार्ड कितीही हुशारीनं बनवलेलं असो, ही दोरी कंपनीच्याच हातात राहते.

आपल्याकडच्या लोकांना काय अनुभव आला

माझ्या दुकानात आलेली प्रकरणं साधारण तीन तऱ्हेची आहेत.

पहिल्या तऱ्हेत बाजारात टेबलावर टीव्ही लावून दाखवतात. शंभर चॅनल पटापट बदलून दाखवले की माणूस भुलतो. त्या टीव्हीखालच्या बॉक्सात असतं रीतसर रिचार्ज केलेलं, त्याच बॉक्सशी जोडलेलं साधं कार्ड. तुम्हाला दिलं जातं ते वेगळंच, बहुधा कुणाचं तरी बंद पडलेलं जुनं कार्ड. एक मामा तांड्यावरून आले होते. कार्डावरचा छापील नंबर खरवडून वर सोनेरी रंगाचा कागद चिकटवलेला होता. त्या कागदाच्या जाडीमुळं कार्ड खाचेत अडकलं आणि आतले स्प्रिंगचे दोन टोक वाकले. मामा म्हणाले, “कार्ड तं गेलंच, आता बॉक्सबी जातो का काय?” टोकं मी चिमट्यानं उचलून सरळ केली, बॉक्स वाचला. बॉक्सात कागद चिकटवलेलं, दोन पदर असलेलं किंवा कडेला फुगलेलं कार्ड कधीही सारू नका. ही टोकं केसाएवढी बारीक असतात.

दुसऱ्या तऱ्हेत कार्डासोबत बॉक्सही देतात आणि तो महिनाभर खरंच चालतो. कारण त्यात एक महिन्याचा रिचार्ज मारलेला असतो. महिना संपला की तो बंद. पुढं तुम्ही प्रामाणिकपणे पैसे भरायला गेलात तरी अडचण येते. नोंदणी भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच माणसाच्या नावावर, आणि मोबाइल नंबर लागत नाही.

तिसरी तऱ्हा नवी आहे. कार्ड नाहीच, इंटरनेटला जोडायचा बॉक्स. कुठंतरी बसलेल्या माणसाकडं एक खरं कार्ड असतं आणि त्याच्या किल्ल्या तो नेटवरून वाटतो. लोक याला ‘सर्व्हरवाला बॉक्स’ म्हणतात. वापरणाऱ्यांचं म्हणणं असं की एरवी बरं चालतं, पण क्रिकेटच्या मॅचला चित्र दर थोड्या वेळानं थिजतं. याचं कारण वर आलंच आहे. किल्ली सारखी बदलत असते. गावातलं नेट जरा अडखळलं, नवी किल्ली वेळेवर पोचली नाही, की चित्र थांबलं. वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेले असतात आणि मधेच सर्व्हर गायब होतो. पैसे मागायला जाणार कुणाकडं?

कायद्याचंही सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-अ आलं. हक्काच्या संरक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूनं फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गावातल्या गावात चार घरांना असे बॉक्स बसवून देणाऱ्या पोरांना मी हे कलम मोबाइलवर काढून दाखवतो. पोरं कष्टाळू असतात, हातात कसब असतं. त्यांनी ते रीतसर छत्र्या बसवण्यात घालावं असं मला मनापासून वाटतं. काम भरपूर आहे.

जुना बॉक्स घ्यायचाच असेल तर

विकणाऱ्याच्या घरी जा आणि चालू टीव्हीवर बघा. बॉक्सच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा नंबर आणि मेनूत ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये दिसणारा नंबर एकच हवा. कार्डावर छापलेला आणि पडद्यावर दिसणारा कार्ड नंबरही एकच हवा. मग त्याला तिथल्या तिथं, तुमच्या समोर, कंपनीला फोन लावून नाव आणि मोबाइल नंबर तुमच्या नावे करायला सांगा. ‘नंतर करून देतो’ म्हणाला तर चहा घ्या आणि परत या.

अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन बघा. गरम लागत असेल किंवा आत गुणगुण येत असेल तर नवा घ्यावा लागेल. हे मी ठासून सांगतो, कारण यातून भलताच घोळ होतो. बॉक्स छत्रीच्या वायरीतूनच वरच्या एलएनबीला (छत्रीच्या हातावरचा, लहरी पकडणारा डबा) वीज पुरवतो, उभ्या लहरींसाठी १३ व्होल्ट आणि आडव्यांसाठी १८. अ‍ॅडॉप्टर थकला की १३ कसेबसे निघतात, १८ निघत नाहीत, आणि काही चॅनल एकदम नाहीसे होतात. लोकांना वाटतं कार्ड गेलं. मग ते कार्ड शोधत बाजारात जातात आणि वर सांगितलेल्या माणसाच्या तावडीत सापडतात.

‘कार्ड टाका’ अशी पाटी आली तर

आधी भिंतीवरचं बटण बंद करा. रिमोटनं बंद केलेला बॉक्स आतून चालूच असतो, आणि चालू खाचेतून कार्ड ओढू नये. कार्ड काढा, सोनेरी चौकोन बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ, आणि गिरणीजवळच्या घरात पिठाची भुकटी आत जाते. चौकोनावर करडा थर दिसेल. कोरड्या मऊ सुती कपड्यानं पुसा. नाहीच निघालं तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटचा बोळा अगदी हलका फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर, ब्लेड, नख यांतलं काही लावू नका. सोन्याचा मुलामा नावापुरताच असतो, तो गेला की खालचं तांबं काळं पडतं. खोडरबरही मी टाळतो, त्याची भुकटी खाचेत जाते.

कार्ड परत घालताना बाण आत, आणि बऱ्याच बॉक्सांत सोनेरी बाजू खाली. जोर लावू नका. बॉक्स चालू करून पाच मिनिटं थांबा. तरी पाटी गेली नाही तर कंपनीच्या नोंदणीकृत नंबरवर फोन करून कार्ड ‘रिफ्रेश’ करायला सांगा आणि तेवढा वेळ बॉक्स चालू ठेवा. एवढ्यानंही भागलं नाही तर कार्ड खरंच गेलं असेल. ते कंपनीकडूनच बदलून घ्या. त्याच्या पावतीवर नवा कार्ड नंबर लिहून घेतल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नका.

महिन्याचे पैसे नकोतच, तर डीडी फ्री डिश

ज्याला महिन्याला पैसे भरणं जड जातं त्याच्यासाठी सरळ, कायदेशीर वाट आहे. दूरदर्शनची डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. कार्ड नाही, रिचार्ज नाही. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च. सह्याद्री आहे, शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून डीडी किसान आहे, बातम्या आहेत, शाळेच्या अभ्यासाच्या वाहिन्या आहेत, आकाशवाणीची केंद्रंसुद्धा छत्रीवरून ऐकता येतात. खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावानं देते, त्यामुळं यादी बदलत राहते. १ एप्रिल उलटला की बॉक्स एकदा नव्यानं स्कॅन करा. बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चा घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सात काही चॅनल येतच नाहीत आणि लोक उगाच छत्री हलवत बसतात.

आता छत्रीचं. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे आणि तो ९३.५ अंश पूर्वेला. मराठवाड्यातून तो बरोबर आग्नेयेला दिसतो. बीड, लातूर, संभाजीनगर इथून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण १३६ अंश, नांदेडकडं गेलं की १३८-१३९. उंची ५९ ते ६१ अंशांच्या मध्ये. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी पाइपापासून आणि पत्र्यापासून चार पावलं दूर उभं राहून दिशा घ्या आणि समोरचं एखादं झाड किंवा टाकी खुणेला धरा.

पाइप आधी ओळंब्यात घ्या. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाइप थोडा कलला की छत्री फिरवताना उंचीही बदलत जाते आणि दिवसभर सिग्नल हाताला लागत नाही. माळवदाच्या घरावर पाइप मातीत रोवू नका. पहिल्या पावसात माती बसते, पाइप झुकतो, शिवाय तिथून पाणी झिरपतं. भिंतीच्या दगडाला क्लॅम्प मारा. पत्र्यावर तर बसवूच नये, वाऱ्यानं पत्रा हलला की चित्र फुटतं. जागा नसेल तर अंगणात पाइप काँक्रीटमध्ये उभा करा. आग्नेयेला साठ अंशांवर मोकळं आकाश असलं की पुरे, छत्री उंचावरच हवी असं काही नाही.

नवशिक्याला एक गोष्ट फसवते. आपली दोन फुटी छत्री ज्या दिशेला बघताना दिसते, तिथं ती खरं बघत नसते. तिचा हात खालून निघतो आणि एलएनबी मधोमध नसतो. उपग्रह साठ अंशांवर असला तरी छत्रीचं तोंड त्याहून वीस-पंचवीस अंश खाली झुकलेलं दिसतं. म्हणून डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. मागच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात, त्यावर साठ लावा आणि तिथून सुरुवात करा.

बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६०० निवडा, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, एक ताकदीची, एक क्वालिटीची. ताकदीची पट्टी नुसती वायर जोडली तरी वर जाते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. क्वालिटी बघा. खालचा माणूस टीव्हीसमोर, वरचा छत्रीजवळ, दोघांचे मोबाइल चालू. छत्री अगदी सावकाश फिरवायची, थोडी फिरवली की तीन-चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. घाईनं फिरवणारा उपग्रहाच्या अंगावरून चार वेळा जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. क्वालिटी उठली की उंची एक एक रेघ वर-खाली करून बघा. मग एलएनबी स्वतःभोवती फिरवा. आपल्याकडं त्याला चाळीसेक अंशांचा पीळ लागतो, आणि सरळ ठेवलेल्या एलएनबीनं क्वालिटी बरीच खाली राहते. शेवटी नट आवळताना पुन्हा पट्टी बघत बघत, दोन्ही बाजूंचे आळीपाळीनं आवळा. एकच बाजू दाबून आवळली की छत्री सरकते.

घरात बंद पडलेल्या डीटीएचची छत्री पडून असेल तर नवी घेऊ नका, तीच वळवा. ती कोणत्या कंपनीची आहे यावरून किती वळवायची ते ठरतं. डिश टीव्हीची असेल तर उपग्रह ९५ अंशावर, म्हणजे जवळजवळ तिथंच, दक्षिणेकडं केसभर सरकवली की झालं. व्हिडिओकॉनची डीटूएच २००९ मध्ये आली तेव्हा पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्यामुळं आपल्या भागात ती पुष्कळांनी आपली म्हणून घेतली होती. तिचा उपग्रह ८८ वर, म्हणजे छत्री पूर्वेकडं दहा-अकरा अंश आणि उंचीला चार अंश खाली. टाटा प्लेची ८३ वर, तिथून पूर्वेकडं तेवीस अंश आणि सहा अंश खाली. एअरटेलची १०८ वर खूप पूर्वेला आणि खाली बघते. ती दक्षिणेकडं अठरा अंश वळवून तेरा अंश उचलावी लागते. हे आकडे बीडचे आहेत. परभणी-हिंगोलीला एक-दोन अंश इकडं-तिकडं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. आमच्या बीडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात जातात आणि आता बॉक्स-छत्रीही सोबत नेतात. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, दिवसभराच्या तोडीनंतर लेकरांना तेवढंच. घरची छत्री काढण्याआधी क्लॅम्प आणि पाइप यांच्यावरून आडवी-उभी ऑइलपेंटची रेघ ओढा. उंचीचा नट मुळीच ढिला करू नका, कारण बीड आणि कोल्हापूर दोन्हीकडं उंची साठाच्या आसपासच राहते. दिशा मात्र कोल्हापूरला सहा अंश पूर्वेकडं जाते. दीड इंची पाइपावर सहा अंश म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. उपग्रहाकडं तोंड करून उभं राहिलं की डावीकडं. एलएनबीलाही तिकडं पाच-सहा अंश पीळ जास्त लागतो. पाइप रोवायला जागा नसली तर पत्र्याच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात उभा केलेला पाइप बैलगाडीतून नेता येतो. तो डबा सपाट जागी ठेवून ओळंबा लावायला विसरू नका.

वायर, पाऊस आणि ऊन

वायर आरजी-६ चीच घ्या. टोकाची पिन लावताना बाहेरच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याला टेकू देऊ नका, टेकली की शॉर्ट होऊन बॉक्सची वीजबाजू जाते. एलएनबीच्या पिनेवर टेप गुंडाळा आणि घरात वायर शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं.

जोराच्या पावसात चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, ढग सरला की चित्र आपोआप येतं. पावसात छत्री हलवणाऱ्यांची मात्र पाऊस थांबल्यावरही सुटका होत नाही. वर्षातून दोनदा उन्हामुळंही चित्र जातं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. फ्री डिशला आपल्याकडं ही वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. काही दिवस, रोज थोडी मिनिटं. तेव्हाही काही करायचं नसतं. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लगसोबत छत्रीची वायरही बॉक्समागून सोडून ठेवा.

पैशाचे चॅनल हवेच असतील तर

थोडक्यात सांगतो. ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांनी १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक चॅनलची किंमत वेगळी कळते आणि हवे तेवढेच चॅनल घेता येतात. पुढं मार्च २०२० पासून १३० रुपये अधिक जीएसटी एवढ्या महिन्याच्या नेटवर्क शुल्कात (चॅनलच्या किमतीखेरीज जोडणीचे पैसे) दोनशे चॅनल बसवता यायला लागले. २०२४ पासून या शुल्काची मर्यादा काढली, त्यामुळं प्रत्येक कंपनीला ते विचारूनच घ्या. कंपनीचा पॅक डोळे झाकून घेऊ नका. घरात बसून खरोखर बघता ते चॅनल कागदावर लिहा, त्यांची बेरीज करा. आमच्या भागातल्या बहुतेक घरांत ही यादी दहा-बारा चॅनलांच्या पुढं जात नाही, आणि बिल निम्म्यावर येतं. घरात दोन टीव्ही असतील तर एकावर फ्री डिश ठेवा.

बॉक्स बसवून झाला की बॉक्सचा नंबर, कार्डाचा नंबर, नोंदवलेला मोबाइल आणि क्लॅम्पवरच्या उंचीचा आकडा, हे चारही एका कागदावर लिहून टीव्हीच्या मागं चिकटवा. पुढं माझ्यासारखा कुणी दुरुस्तीला आला तर त्याचं अर्धं काम त्या कागदावरच होऊन जातं.